घाडीबाईंचा उजवा कौल

घाडीबाईंनी कुणाला शाब्बास म्हटलेलं मी इतक्या वर्षांच्या नोकरीत ऐकलं नाही. एखादं पोरगं धापा टाकत स्टाफरूमच्या दारात यायचं आणि विज्ञानात पैकीच्या पैकी पडले म्हणून सांगायचं. बाई तपासायच्या वहीतून मान वर करायच्या, चष्मा नाकावर ढकलायच्या आणि म्हणायच्या, "बरां. मगे?"

मगे म्हणजे मग. मग पुढे काय? पोरगं गोंधळायचं. पाठीवर हात पडेल या आशेने आलेलं असायचं ते. बाई मात्र उत्तर मिळेपर्यंत तशाच बघत राहायच्या, आणि काहीतरी सांगितल्याशिवाय सुटका नसायची. मग पोरगं घाबरत घाबरत म्हणायचं, बाई, मी अकरावीला कणकवलीला जाईन. मगे? बाई, मी पुण्याला जाईन. त्या एका शब्दाने आमच्या शाळेतली कितीतरी पोरं गावाबाहेर काढली. कुणी जहाजावर इंजिनियर झालं, कुणी डॉक्टर. गावात काही बाया बाईंच्या नावाने बोटंही मोडायच्या, की हिच्या नादाने आमची पोरं परदेशी झाली आणि घरं रिकामी पडली.

मी घाटावरची. फोंडाघाट चढून गेलं की तासाभरावर माझं माहेर. नवऱ्याची बदली कणकवलीला झाली म्हणून इकडे आले आणि जामसंड्याच्या अलीकडच्या एका गावात, हायस्कुलात मराठी शिकवायला लागले. पहिले सहा महिने मला इथल्या सगळ्याचाच राग यायचा. घामाचा, ओल्या कपड्यांचा, आणि सगळ्यात जास्त म्हणजे इथल्या माणसांच्या तिरक्या बोलण्याचा. आमच्याकडे माणूस भांडला तर भांडला, हसला तर हसला. इथे समोरचा चेष्टा करतोय की शिव्या देतोय हेच कळायला मला वर्ष लागलं.

घाडीबाईंशी ओळख झाली ती डब्यामुळे. स्टाफरूमच्या टेबलावर सगळ्यांचे स्टीलचे डबे एका रांगेत असायचे. मी भुकेच्या तडाख्यात एक उघडला, तर आत बोकडाचं अख्खं काळीज, कच्चं, रक्तासकट. मी मटण खाणाऱ्या घरातली, तरी किंचाळले. बाई शांतपणे आल्या, झाकण लावलं आणि म्हणाल्या, "पाटीलबाई, ते आठवीचं आहे. तुमचा डबा पलीकडे." आठवीला हृदयाचा धडा होता. चित्रावरून शिकवणं बाईंना पटत नसे. त्या दिवशी आठवीच्या पोरांनी त्या काळजाचे चारही कप्पे बोटं घालून बघितले, आणि माझी भाकरी डब्यात तशीच राहिली.

दिसायला बाई बुटक्या, काटक. पदर कमरेला खोचलेला, गालात कायम एक आमसूल. चालायच्या अशा भराभर की बरोबर चालणाऱ्याला धाप लागावी. लग्न केलं नाही. त्याची गोष्ट त्या स्वतःच हसत हसत सांगायच्या. मुंबईचं स्थळ आलं होतं. मुलाने सांगितलं, मुंबईत खोली आहे, नोकरी पक्की आहे. बाईंनी विचारलं, मगे? ते स्थळ पुन्हा काही फिरकलं नाही.

त्यांच्या घरी मी बरेचदा जायची. घरात आईवडील, धाकटा भाऊ दिगू, त्याची बायको आणि प्राची नावाची दुसरीतली पोर. वडिलांना सगळा गाव आपा म्हणायचा. घाडी म्हणजे देवाशी गावाच्या वतीने बोलणारा माणूस. रवळनाथाच्या देवळात गाऱ्हाणं घालायचं आणि कौल लावायचा मान त्यांच्या घराण्याकडे पिढ्यान्‌पिढ्या. कौल म्हणजे देवाला विचारणं. फुलाच्या ओल्या कळ्या देवाच्या उजव्या आणि डाव्या अंगाला चिकटवतात आणि प्रश्न विचारतात. उजवी आधी सुटली तर हो, डावी सुटली तर नाही. लग्न, विहीर, कोर्टकचेरी, मस्कतची नोकरी, सगळं त्या कळ्यांवर ठरायचं.

बाई देवळात जायच्या, हात जोडायच्या, पण कौल काही त्यांना मान्य नव्हता. पाणी सुकलं की कळी पडते, आणि कुठली आधी सुकेल ते वारा ठरवतो, असं त्या खुद्द आपांसमोर म्हणायच्या. आपा बोळकं उघडून हसायचे. म्हणायचे, "आणि वारो कोणाचो गो?" यावर बापलेक दोघंही खूश असायची.

चाळिशी आली तेव्हा बाईंनी एक भलतीच गोष्ट केली. आमचे मुख्याध्यापक डिसोजा सर, त्यांचे निम्मे नातेवाईक गोव्यात आणि निम्मे समुद्रापार. त्यांच्याकडून बाईंना कळलं की आयर्लंडमध्ये शाळेच्या शिक्षकांसाठी वर्षभराचं शिक्षण असतं आणि त्याला शिष्यवृत्तीही मिळते. बाईंनी कुणाला न सांगता अर्ज केला आणि त्यांची निवड झाली.

गावात बातमी फुटली तशी ज्याने त्याने एकच विचारलं, पगार किती? इथला माणूस परदेशी जातो तो कमवायला. दुबईला जाईल, बोटीवर जाईल, दोन वर्षांनी येऊन चिऱ्याचं घर बांधेल. बाई सांगायच्या, पगार नाही, शिकायला चाललेय. ऐकणारा म्हणायचा, तुम्हीच तर शिकवता, तुमचं शिकायचं काय राहिलं? कुणाचा विश्वासच बसेना. पगार लपवतेय असं काहींनी ठरवलं, आणि तिकडे कुणी गोरा म्हातारा बघून ठेवलाय असं बाकीच्यांनी.

मीही विचारलंच. म्हटलं, बाई, या वयात कशाला हा उपद्व्याप? चांगलं चाललंय. शाळेत त्या माझ्याशी शुद्ध बोलायच्या. म्हणाल्या, "पोरांना मी जन्मभर मगे मगे करत आले. मला कुणी विचारलंच नाही. मला बघायचंय पाटीलबाई, मी केवढी होऊ शकते."

हे वाक्य ऐकून मला काय झालं ते सांगता येत नाही. हेवा वाटला म्हणा, भरून आलं म्हणा. आमच्या पिढीतल्या बाईने असं तोंडाने म्हणायची पद्धत नव्हती.

आईने मात्र हट्ट धरला. कौल लावल्याशिवाय पोरीने उंबरा ओलांडायचा नाही. बाईंनी आईच्या समाधानासाठी मान हलवली. एवढ्याशा गोष्टीवरून म्हातारीला कशाला दुखवा, असा त्यात हिशोब होता. गणपती नुकतेच पाण्यात गेले होते. सकाळी आम्ही सगळे देवळात जमलो. दिगू प्राचीला खांद्यावर घेऊन उभा होता. आपांनी कळ्या लावल्या, हात जोडले, आणि एरवी गावासाठी खणखणीत लागणारा त्यांचा आवाज त्या दिवशी चेडू, म्हणजे लेक, म्हणताना जरा कापला.

"बा देवा म्हाराजा, माझां चेडू परमुलखात जातासा. तेचां बरां होवंदे, तेचां नाव होवंदे, तेका सुखरूप परत घेवन ये. होय तर उजवी दी."

शब्द संपतात न संपतात तोच उजवी कळी सुटली. लोक वर्षानुवर्षं सांगत राहिले की इतका लगेच कौल त्यांनी बघितला नव्हता. आईने डोळे पुसले. दिगू बहिणीला म्हणाला की तुला एकदाची घालवायची देवालाही घाई झालेली दिसतेय. तो असाच होता, बहिणीची खोडी काढल्याशिवाय त्याला घास जायचा नाही. त्यानेच तिला आपल्या टेम्पोतून कणकवली स्टेशनला सोडलं आणि गाडी सुटताना सगळ्यांच्या आधी रडला.

बाई तिकडून फोन करायच्या. आवाज वीस वर्षांनी लहान झाल्यासारखा वाटायचा. तिथली थंडी, तिथली पोरं, तिथे प्रयोगशाळेत बाकावर बसून शिकणाऱ्या त्या स्वतः. "पाटीलबाई, इथे मला मार्क पडतात," असं एकदा सांगितलं त्यांनी, जणू काही कुणी दागिना घातला होता अंगावर. ढगळ कोट घातलेला फोटो पाठवला होता. त्यात त्या हसत होत्या, आणि गालात आमसूल होतं हे मला ओळखू आलं.

वैशाखात आंबे उतरवताना दिगूचा पाय फांदीवरून सुटला. खाली कुंपणाचा चिऱ्यांचा गडगा होता. दवाखान्यात नेईपर्यंतसुद्धा वेळ मिळाला नाही.

बाई आल्या तेव्हा सगळं आटोपलं होतं. आल्या त्या चपला न काढता परसात त्या झाडाखाली गेल्या आणि वर बघत उभ्या राहिल्या. मग खाली वाकून त्यांनी ज्या दगडावर तो पडला त्याला हात लावला. वहिनी पडवीत भिंतीला टेकून बसली होती. तिने नणंदेकडे पाहिलं, आणि बसल्या जागी वळून भिंतीकडे तोंड केलं.

तेराव्याचं जेवण झालं त्या दुपारी मी भांडी आवरायला थांबले होते. बाईंना तिकडून फोन आला. त्यांचं काम सगळ्या वर्गात पहिलं आलं होतं. दुःख सरलं की परत या, पुढे इथेच संशोधन करा, सगळी सोय आम्ही करतो, असं तिथल्या प्राध्यापकांनी कळवलं होतं. बाईंना वाटलं, या घरात एवढ्या काळोखात बापाला एक तरी बरी गोष्ट सांगावी. पडवीत आपांच्या पायाशी बसून त्यांनी ते सांगितलं. मी पाण्याचा तांब्या घेऊन दारात होते, म्हणून पुढचं मी माझ्या कानांनी ऐकलं.

आपांनी खांद्यावरचा पंचा सावरला. मग म्हणाले, "देव खोटो नाय, बायो. तेणां आपलो शब्द पाळल्यान. मीया तुझ्यापुरतांच मागलंय. घराचां मागूचां रवलां."

रागावून म्हटलेलं नव्हतं ते. लेकीला बोल लावावा असं त्यांच्या मनातही नव्हतं. म्हातारा आपल्याच चुकीबद्दल बोलत होता. आयुष्यभर गावाची गाऱ्हाणी घातली, त्यात कधी कुणाला वगळलं नाही, गायीगुरांचंही नाव घेतलं, आणि स्वतःच्या लेकीच्या वेळी मायेपोटी तिच्यापुरतंच मागून बसले. मागितलं ते देवाने चोख दिलं. जे मागायचं राहिलं ते नेलं. आपांच्या जगात हे इतकं सरळ होतं. पण बाईंच्या तोंडावरचं रक्त उतरलेलं मी बघितलं. त्या घरात बाईंचं भलं आणि दिगूचं जाणं एकाच दाव्याला बांधलं गेलं ते त्या क्षणी, आणि बांधणाऱ्याला आपण काय बांधतोय याचा पत्ताही नव्हता. मला संताप आला, अजूनही येतो. देवावर येत नाही तो. देवाने बिचाऱ्याने काय केलं?

बाई परत गेल्या नाहीत. जूनमध्ये शाळा उघडली तशा हजेरीपट घेऊन वर्गावर गेल्या. त्या वर्षी दहावीचा निकाल फार चांगला लागला होता. पोरं पेढे घेऊन आली. बाईंनी पेढा घेतला, बरां म्हणाल्या, आणि पुन्हा वहीत मान घातली. पोरं दारात घुटमळली, पुढच्या शब्दासाठी. तो काही आला नाही. त्यानंतर तो मी कधीच ऐकला नाही.

पुढची वर्षं मी हे जवळून बघत राहिले. डिसोजा सर निवृत्त झाले तेव्हा मुख्याध्यापकपद ज्येष्ठतेने बाईंकडे येणार होतं. त्यांनी नको म्हणून सांगितलं, आणि बाहेरून एक पोरसवदा गृहस्थ आला. तालुक्याच्या सत्काराला त्यांचं नाव पुढे गेलं, त्यांनी जाऊन ते मागे घेतलं. पोटात दुखायचं तर डॉक्टरकडे जायच्या नाहीत. मी बळेच नेलं आणि काही विशेष नाही निघालं, तर घरी येईपर्यंत त्यांचा चेहरा असा की जणू काही तरी चोरून आणलंय. मी आपली समजत होते की भावाचं दुःख आहे, निवेल हळूहळू. मग एका शनिवारी, शाळा सुटल्यावर, मी फटकळपणे विचारलंच. विज्ञान शिकवता ना तुम्ही बाई? फांदी वळवाच्या सरीने ओली होती, पाय घसरला. तुम्ही इथे असता तरी घसरला असता.

त्या दिवशी शाळेच्या आवारात त्या पहिल्यांदा माझ्याशी मालवणीत बोलल्या. "माका काय तां म्हायत नाय? पाय घसरलो, तितकांच. पण माझां काय बरां झालां की माझ्या पोटात गोळो येता, पाटीलबाई. आता कोणाचो नंबर म्हणान. म्हायत असान काय करू?"

मी मराठीची बाई, शब्दांवर पोट भरणारी, आणि मला एक शब्द सुचला नाही.

बाईंची आई गेली. आपा थकले, तरी देवळातला मान सोडला नाही. प्राची मोठी झाली, नर्सिंग शिकली, आणि आत्याला न विचारता तिने परदेशातल्या इस्पितळासाठी परीक्षा दिली. पोरगी बापासारखी हसरी आणि आत्यासारखी भराभर चालणारी. जर्मनीला जायचं ठरलं. तिथे कामाबरोबर पुढचं शिकताही येणार होतं, आणि प्राचीला शिकायचंच होतं. घरात हे कळल्यावर वहिनी म्हणाली, कौल. आपा म्हणाले, कौल. बाई उठून परसात गेल्या.

त्याच महिन्यात मी निवृत्त होणार होते आणि बिऱ्हाड घाटावर न्यायचं ठरलं होतं. बाईंना धड पाहिलं ते शेवटचं तेव्हाच. पुढे फोनच होत राहिले. प्राची निघायच्या दिवशी सकाळी कौल होता, म्हणून निरोप घ्यायला मीही गेले. दुपारच्या गाडीने तिला मुंबईला निघायचं होतं, दुसऱ्या दिवशी विमान.

आपांना दोघांनी धरून देवळात आणलं. या वेळी त्यांनी काही म्हणजे काही राहू द्यायचं नाही असं ठरवलं होतं. चेडवाचं बरं होऊ दे. घरात जे आहेत त्यांचं बरं होऊ दे. तिच्या आईचं नाव घेतलं, बायोचं म्हणजे बाईंचं घेतलं, स्वतःचं घेतलं, भावकीतल्या एकेकाचं घेतलं, वाडीतल्या घरांची नावं घेतली. प्रत्येक मागणं संपलं की जमलेल्या पुरुषांनी "व्हय म्हाराजा" म्हणायचं. गाऱ्हाण्याची रीतच ती. एकाने मागायचं आणि बाकीच्यांनी त्याला साथ द्यायची, नाहीतर ते गाऱ्हाणं देवापर्यंत पोचत नाही, असं मानतात. म्हणून म्हणून पुरुषांचे आवाज बसले. शेवटी आपा म्हणाले, ह्या सगळ्याला होय असेल तर उजवी दे.

कळी पडेना. उजवी नाही, डावी नाही. आपा पुन्हा पाणी लावायचे, पुन्हा सगळी नावं घ्यायचे. ऊन चढलं. लोक पाय बदलत उभे. कुणीतरी हळूच म्हणालं की इतकं सगळं एकदम मागितलं तर देव तरी काय बोलणार. आपांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण ते थांबत नव्हते. प्राची घड्याळ बघून रडकुंडीला आली होती.

बाई खांबाशी बसल्या होत्या त्या उठल्या. प्राचीची बॅग उचलली. वहिनी म्हणाली, "ताई, देव अजून बोललो नाय." बाईंनी प्राचीला आजोबांच्या पाया पडायला लावलं, आईच्या मिठीतून सोडवलं, आणि दंडाला धरून रिक्षात बसवलं. मी मागून बसले. कणकवलीपर्यंत बाईंनी पोरीचा हात सोडला नाही. गाडी सुटताना प्राची म्हणाली, आत्या, काही होणार नाही ना? बाई म्हणाल्या, "तू जा. मागे बघू नको."

परत येताना बाईंनी देवळाशी रिक्षा थांबवायला सांगितली. तिथे आता कुणी नव्हतं. आपांना घरी नेलं होतं, कळ्याही कुणीतरी उतरवून ठेवल्या होत्या. बाई पायऱ्या चढून आत गेल्या. मी दोन हात मागे. त्यांनी देवासमोर उभं राहून पदर सारखा केला आणि हात जोडले. बाईमाणसाने तिथे गाऱ्हाणं घालायची रीत नाही. आजवर कुणी घातलेलं मी ऐकलं नव्हतं.

"बा देवा म्हाराजा," त्या म्हणाल्या, वर्गात बोलाव्यात तशा स्वच्छ आवाजात. "दिगूचां चेडू आज गेलां. तुझ्या तोंडातून काय येवच्या आधी मीया धाडलंय तेका. तेचां बरां कर. वयनीक सांभाळ, आपाक सांभाळ. आणि एकाचां बरां करताना दुसऱ्याचां काय घेवचांच आसात तुका, तर माझां घे. दुसऱ्या कोणाक हात लावू नको."

आणि त्या थांबल्या. हात जोडलेलेच, मान खाली. कशासाठी थांबल्यात ते मला कळलं. देवळात माझ्याशिवाय कुणी नव्हतं. साथ द्यायची तर मीच द्यायची होती. मी ओठ आवळून धरले. त्यांनी मागे वळून पाहिलं नाही, नुसती वाट बघितली. मी काही बोलले नाही, बोलणारही नव्हते, मग रीत गेली खड्ड्यात.

बऱ्याच वेळाने बाईंनी मान वर केली, आणि स्वतःच म्हणाल्या, "व्हय म्हाराजा."